पदकाचा हिशेब



खेळाडू प्रशिक्षिका होते तेव्हा तिचे पदक हीच तिची पात्रता, असे सर्रास मानले जाते. परंतु ते पदक कोणत्या परिस्थितीत, कोणाच्या आधाराने आणि किती थोड्या अंतराने मिळाले याचा चोख हिशेब जिला मांडता येतो, तिलाच दुसऱ्याची मुलगी घडवता येते, हे रिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या नव्या प्रशिक्षिकेने आरंभीच ध्यानात घ्यावे. या दृष्टीने कॅनडाच्या लोरी फंग यांची कारकीर्द नव्याने प्रशिक्षिका झालेल्या माझ्या भाचीने, सईने, बारकाईने अभ्यासावी.

व्हँकुव्हरमध्ये 1963 साली जन्मलेल्या फंग 1983 च्या जागतिक स्पर्धेत 23 व्या आल्या होत्या, आणि पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस येथे, जेथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये प्रथमच समाविष्ट झाला, त्यांनी सुवर्णपदक मिळवले. या झेपेमागची पहिली गोष्ट त्यांच्या हातातली नव्हती: सोव्हिएत संघ आणि बल्गेरिया या खेळातील दोन प्रबळ देशांनी त्या ऑलिंपिकवर बहिष्कार टाकला होता, त्यामुळे 1983 ची जगज्जेती दिल्याना गेओर्गिएव्हा तेथे नव्हतीच. दुसरी गोष्ट मात्र पूर्णपणे त्यांची होती. स्पर्धेपूर्वी त्या रुमानियात जाऊन तेथील संघाबरोबर सराव करून आल्या, आणि बहिष्कार झुगारून आलेल्या त्याच रुमानियाच्या दोइना स्ताइकुलेस्कू यांना त्यांनी अंतिम निकालात मागे टाकले. प्राथमिक फेरीचे अर्धे गुण अंतिम फेरीच्या गुणांत मिळवून कमाल 60 गुणांचा हिशेब होत असे. त्यात फंग यांचे 57.950 आणि स्ताइकुलेस्कू यांचे 57.900 गुण झाले.

प्रशिक्षिकेने या दोन्ही गोष्टी सारख्याच मोकळेपणाने सांगाव्यात. प्रतिस्पर्ध्यांची अनुपस्थिती लपवली तर मुलींना यशाचे खोटे चित्र दिसते, आणि केवळ तिच्याकडेच बोट दाखवले तर उपलब्ध संधी पदरात पाडून घेण्यासाठी लागलेली तयारी नजरेआड होते. शिवाय ज्यांना हरवायचे त्यांच्याच सरावगृहात विद्यार्थिनीची वृत्ती ठेवून जाण्याची तयारी ही शिकण्यासारखी बाब आहे. स्वतःच्या क्लासचा अभिमान बाळगणाऱ्या प्रशिक्षिकेने शेजारच्या क्लासमधील चांगली पद्धत उचलताना कमीपणा मानू नये.

0.05 गुणांचे अंतर म्हणजे नेमके काय, हे मुलींना आकड्यांपेक्षा साधनावरून लवकर उमजते. चेंडू 18 ते 20 सेंटिमीटर व्यासाचा असतो आणि तो बोटांनी पकडायचा नसतो, तर उघड्या तळहातावर तोलायचा आणि हातावरून खांद्याकडे अखंड घरंगळू द्यायचा असतो. बोटे किंचित जरी आवळली गेली किंवा चेंडू वाटेत उसळला, तरी पंचांना तो दोष दिसतो. रिबन 6 मीटर लांब असते, तिची वलये एकसारखी राहिली पाहिजेत आणि टोक जमिनीवर मरगळून पडता कामा नये. दीड मिनिटापर्यंत चालणाऱ्या रचनेत, 13 मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात, असे अनेक दोष संभवतात. म्हणून अवघड फेक शिकवण्याआधी साधी पकड निर्दोष करून घ्यावी.

निवृत्तीनंतर प्रशिक्षणाकडे वळलेल्या फंग यांच्या उदाहरणातून आणखी एक सूत्र हाती लागते, ते म्हणजे 23 वा क्रमांक हा निकाल असतो, निवाडा नव्हे. क्लासमधील मागच्या रांगेतील मुलीवर प्रशिक्षिकेची नजर पुढच्या मुलीइतकीच असावी. ठाण्यात स्वतः खेळलेल्या पूजा सुर्वे यांच्या हाताखाली संयुक्ता काळे यांच्यासारखी खेळाडू तयार झाली, त्यामुळे महाराष्ट्रात खेळाडूने प्रशिक्षिका होण्याची ही परंपरा परकी राहिलेली नाही, आणि सईला मार्गदर्शनासाठी दूर पाहण्याचीही गरज नाही.

तथापि जे स्वतःच्या शरीराने सोसले ते विद्यार्थिनीच्या शरीराकडून वसूल करण्याचा मोह प्रत्येक माजी खेळाडूला होतो, आणि तो निग्रहाने टाळावा. या खेळात लवचिकता आणि सडपातळ बांधा यांना मोल असल्याने अनेक मुली खाणे कमी करतात. वजनाचा उल्लेख साऱ्या वर्गासमोर कधीही करू नये, पाळी लांबल्यास किंवा पाठ सतत दुखत असल्यास सराव थांबवून डॉक्टरांकडे पाठवावे, आणि पालकांना त्याचे कारण स्पष्ट सांगावे. त्याचप्रमाणे आंतरराष्ट्रीय महासंघ प्रत्येक ऑलिंपिक कालखंडासाठी गुणदानाची नियमावली नव्याने काढतो, म्हणून काठिण्य, कलात्मकता आणि सादरीकरणातील अचूकता यांचे आजचे निकष प्रशिक्षिकेने दर वेळी विद्यार्थिनीसारखे वाचून काढावेत. स्वतःच्या काळातील नियमांवर शिकवत राहणे म्हणजे मुलींचे गुण घालवणे होय.

सईने पहिल्या वर्षी पदकांची अपेक्षा न ठेवता प्रत्येक मुलीची वेगळी वही ठेवावी, वहीत तिच्या चुका नोंदवाव्यात, कोणती चूक शिकवण्यातून आली हेही लिहावे, आणि वर्षाअखेर ती वही त्या मुलीच्या हाती द्यावी.



— मावशी