छिन्नमनस्कता आणि रुग्णाचा प्रक्षोभ

घरातला तरुण मुलगा रात्रभर येरझाऱ्या घालतो, आरडाओरडा करतो, अंगावर धावून येतो. शेजारी म्हणतात, बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणतात, माजला आहे, चार तडाखे द्या. छिन्नमनस्कता म्हणजेच स्किझोफ्रेनिया हा आजार ज्या घरात आहे, तेथील हे चित्र आपण सर्वांनी पाहिले आहे. हा मेंदूचा आजार आहे आणि अशा प्रक्षोभामागे बहुधा शरीरातीलही कारणे असतात, हे आम्हांस येथे आवर्जून सांगावयाचे आहे.

मेंदूतील पेशी रसायनांच्या द्वारे एकमेकींना निरोप देतात. डोपामिन हे त्यांपैकीच एक रसायन. मेंदूच्या काही भागांत त्याचे कार्य वाढले की भास व संशय बळावतात. आपल्याला कोणी मारावयास येत आहे, असे रुग्णास खरोखरच वाटते. तो भीतीपोटी उसळतो. १९५२ साली पॅरिसमध्ये दले व दनिकेर या डॉक्टरांनी मनोरुग्णांना क्लोरप्रोमाझिन हे औषध दिले, तेव्हा प्रक्षुब्ध रुग्ण शांत होऊ लागले. हे औषध डोपामिनचे कार्य रोखते, हे पुढे उमगले.

परंतु प्रत्येक प्रक्षोभाचे कारण एकच नसते. बरे वाटू लागले म्हणून गोळ्या अचानक बंद केल्या, तर आजार उलटतो. दारू व गांजा यांनी तो भडकतो; रोजची दारू एकाएकी तुटली तरीही माणूस बेभान होतो. ताप, रक्तातील साखर उतरणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, दातदुखी, झोप न होणे हीदेखील कारणे असतात. रुग्णास आपले दुखणे नीट सांगता येत नाही, ते वागण्यातून बाहेर पडते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. काही वेळा औषधामुळेच पाय स्वस्थ राहत नाहीत, एका जागी बसवत नाही. यास अकॅथिशिया म्हणतात. आजार वाढला असे समजून गोळी वाढविली, तर हाल अधिकच वाढतात. गोळी नवी सुरू केल्यावर किंवा वाढविल्यावर ही तगमग दिसली, तर डॉक्टरांना ते लगेच सांगावे. गोळी आपण होऊन वाढवू नये, बंदही करू नये.

तेव्हा बंधुभगिनींनो, हात उगारण्यापूर्वी विचारू या : झोप झाली का? गोळी चुकली का? अंग तापले आहे का? कुठे दुखते का? मनोरुग्णास साखळीने बांधणे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने निषिद्ध आहे. टेली-मानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. भगताकडे घालविलेला वेळ रुग्णास महाग पडतो. तोच वेळ दवाखान्याच्या वाटेवर लावू या.