आधी कुठलं, मग कुठलं?

अगं, तुझा मेसेज वाचला. चार पेडलं जमली, आता ती कुठल्या क्रमानं जोडायची, असं विचारलंयस. बँडमधला प्रत्येक मुलगा वेगळं सांगतो आणि तू ‘पण का?’ म्हटलंस की ‘असंच असतं’ म्हणून विषय संपवतो, हेही लिहिलंयस. त्या उत्तरावर समाधान मानू नकोस. क्रमामागे कारण असतं आणि ते तुला सहज कळण्यासारखं आहे. एकदा कळलं की तालमीत कुणाच्या तोंडाकडे बघायची वेळ येणार नाही. म्हणून आज जरा निवांत बोलते.

एक गोष्ट आधी मनात पक्की कर. रांगेतल्या पेडलला तुझी गिटार ऐकू येत नाही. त्याच्या आधीच्या पेडलमधून जे बाहेर पडलं तेवढंच त्याच्यापर्यंत पोचतं आणि तेवढ्यावरच ते काम करतं. तेव्हा प्रत्येक पेडलपाशी दोनच प्रश्न विचारायचे: याच्याकडे येतंय काय आणि हे त्याचं करतंय काय? बाकीचे नियम या दोन प्रश्नांतूनच निघतात.

पडताळून बघायचं असेल तर बूस्टर आणि ओव्हरड्राइव्ह, एवढी दोनच पेडलं घे. ॲम्प क्लीन ठेव. गिटारची वायर बूस्टरमध्ये, तिथून ओव्हरड्राइव्हमध्ये, तिथून ॲम्पला. ओव्हरड्राइव्ह चालू असताना बूस्टर दाबलास तर आवाज फारसा मोठा होणार नाही; तो जास्त फाटेल, दाट होईल आणि सूर लांबेल. ओव्हरड्राइव्हचं सर्किट लहरीला ठरावीक उंचीच्या वर जाऊच देत नाही, तिचे शेंडे छाटतं. बूस्टरनं मोठी लहर आणून दिली की छाटणी वाढते. आता जागा बदल: ओव्हरड्राइव्ह आधी, बूस्टर नंतर. छाटून झालेला आवाज बूस्टर जसाच्या तसा मोठा करेल. पोत तोच राहील आणि आवाज वाढेल. फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमीत तुझा सोलो ड्रमखाली बुडतो म्हणालीस ना, तिथे तुला ही दुसरी जोडणी हवी. नवीन पेडल घ्यायला निघाली होतीस, जरा थांब. जागा बदलायला पैसे पडत नाहीत.

आता डिले आणि रिव्हर्ब. ही दोघं शेवटी का ठेवतात? धारेश्वराच्या देवळात घंटा वाजवतेस तेव्हा घंटा आधी वाजते आणि घुमते नंतर. गिटारचंही तसंच: आवाज आधी पूर्ण घडू दे, मग तो घुमू दे. उलटं केलंस आणि डिलेनंतर डिस्टॉर्शन लावलंस, तर विरत चाललेले पडसाद आणि तुझा ताजा सूर एकत्रच छाटणीत सापडतात. डिस्टॉर्शन हलक्या आवाजाला वर खेचतं, त्यामुळे पडसाद विरायचे सोडून ताज्या सुरावर चढून बसतात आणि कॉर्ड असेल तर नुसता चिखल होतो. काही जणांना तो चिखलच हवा असतो आणि ते मुद्दाम रिव्हर्बवर फझ चढवतात. तुला हवा असेल तर तूही कर, पण तो तुझा निर्णय असू दे.

कुठे क्रमानं फरक पडत नाही तेही सांगते, म्हणजे उगाच रात्र जागवणार नाहीस. इक्वलायझर आणि डिले यांची अदलाबदल केलीस तर कानाला जवळजवळ काही कळणार नाही, कारण दोघंही शेंडे छाटत नाहीत. डिले आणि रिव्हर्बचंही बरंचसं तसंच. ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ, कॉम्प्रेसर या मंडळींच्या आधी काय आणि नंतर काय, इथेच सगळा खेळ आहे. डोकं तिथे लाव.

कोरस डिस्टॉर्शननंतर लावायची रीतही उगाच पडली नाही. रोलंडचा जॅझ कोरस १२० हा ॲम्प १९७५ मध्ये आला. त्यात दोन स्पीकर. कोरस लावला की एकातून साधा आवाज, दुसऱ्यातून किंचित हेलकावणारा, आणि दोन्ही हवेत मिसळतात. म्हणजे कोरस ॲम्पमध्येच होता, साहजिकच सगळ्या पेडलांच्या शेवटी. तेच सर्किट पुढच्या वर्षी रोलंडच्याच बॉस या ब्रँडनं सीई-१ या आपल्या पहिल्या पेडलमध्ये दिलं. कोरस डिस्टॉर्शननंतर लावला की रुंद आणि झुळझुळीत ऐकू येतो, आधी लावला की घट्ट आणि दबलेला. एमएक्सआरचा फेझ ९० हा फेझर मात्र गिटारवादक एडी व्हॅन हॅलेननं तापवलेल्या ॲम्पच्या आधी लावला आणि त्यातून स्वतःची ओळख बनवली. दोन्ही रीती बरोबर, कारण हवा असलेला आवाज वेगवेगळा.

वा-वा पेडल बहुतेक जण डिस्टॉर्शनच्या आधी लावतात. जिमी हेंड्रिक्सही फझच्या आधीच लावायचा. आधी लावलं तर आवाज माणसासारखा बोलतो. नंतर लावलं तर झाडू फिरवल्यासारखा मोठा फराटा येतो, कारण डिस्टॉर्शननं तयार केलेल्या असंख्य उपस्वरांवरून ते फिरतं.

आता फझबद्दल मन लावून ऐक, कारण ‘ट्यूनर सगळ्यात आधी’ हा नेहमी सांगितला जाणारा नियम इथे मोडतो. १९६६ मध्ये निघालेला फझ फेस आणि त्याच्या धर्तीवरची पेडलं थेट गिटारच्या पिकअपला जोडलेलीच बरी. त्यांचा इनपुट इम्पीडन्स फार कमी असतो, म्हणून पिकअप आणि पेडल मिळून एकच सर्किट बनतं. गिटारवरचा व्हॉल्यूमचा नॉब थोडा खाली केलास की तोच फाटका आवाज स्वच्छ, काचेसारखा होतो. या पेडलचं खरं सुख तेच. मध्ये बफर, म्हणजे सिग्नलला बळ देणारं छोटं सर्किट, आला की हे नातं तुटतं. मग फझ किरटा होतो आणि नॉब खाली करूनही साफ होत नाही. बॉसच्या बहुतेक पेडलांमध्ये, ट्यूनरमध्येसुद्धा, पेडल बंद असतानाही बफर चालू असतो. तेव्हा असा फझ पहिला, ट्यूनर दुसरा; वा-वा वापरणार असशील तर तेवढंच फझच्या आधी. फझ बंद असेल तर ट्यूनरला सूर नीट मिळतोच. आणि फझमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असतील तर एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या तालीमघरात तो वेगळा वाजेल. उष्णतेनं त्यांचं वागणं बदलतं. पेडल बिघडलं असं समजून घाबरू नकोस.

पण म्हणून बफरला शत्रू मानू नकोस. साध्या वायरीत मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स असतो. गिटारपासून बोर्डपर्यंत सहा मीटर, बोर्डपासून ॲम्पपर्यंत आणखी सहा, मध्ये छोट्या पॅच केबल. सगळी पेडलं ट्रू बायपास, म्हणजे बंद असताना सिग्नल सरळ पुढे सोडणारी, असतील तर हे सगळं ओझं पिकअपवर पडतं आणि वरचा, चमकदार भाग हरवतो. रांगेत फझनंतर एक चांगला बफर असला की पुरतं.

कॉम्प्रेसर लवकर लाव, ड्राइव्हच्या आधी. हलका आवाज वर आणणं हे त्याचं कामच आहे, त्यामुळे त्याच्या आधी जेवढी खरखर असेल तीही तो वर आणतो. आधी पेडलं कमी तेवढी खरखर कमी. खरखर रोखणारा नॉइज गेट ड्राइव्हनंतर पण डिलेच्या आधी ठेव, नाहीतर तो पडसादांची शेपटी मध्येच कापेल. व्हॉल्यूम पेडल ड्राइव्हच्या आधी असलं तर फाटणं कमी-जास्त करतं, नंतर असलं तर फक्त आवाज. डिलेच्या आधी ठेवलंस तर पाय मागे घेतल्यावरही पडसाद विरत राहतात.

ॲम्पही याच रांगेत येतो, हे विसरू नकोस. तुझ्या घरच्या छोट्या ॲम्पचा गेन चढवून त्याच्यापुढे डिले लावलास तर ते डिलेनंतर डिस्टॉर्शन लावल्यासारखंच झालं. ॲम्पच्या मागे सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतील तर डिले, रिव्हर्ब तिथे लाव. नसतील तर ॲम्प क्लीन ठेव आणि फाटणं पेडलकडून घे. कॉलेजच्या स्टेजवर भाड्यानं कुठला ॲम्प येईल ते आपल्या हातात नसतं, म्हणूनही ही सवय चांगली.

आता विजेचं, कारण यात मला तुझी काळजी वाटते. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतं आणि पिनच्या मधल्या भागाला ऋण. घरातल्या वायफाय राउटरचा ॲडॉप्टर दिसायला तसाच, पिनही बसते, पण त्याचा मधला भाग बहुधा धन असतो आणि व्होल्टही अनेकदा १२. तो चुकूनही लावू नकोस. तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ॲडॉप्टर घ्यायला जाशील तेव्हा त्यावरचं धन-ऋणाचं चिन्ह स्वतः बघ आणि सगळ्या पेडलांच्या मिलिअँपिअरची बेरीज करून जा. डिजिटल डिलेला साध्या डिस्टॉर्शनच्या कितीतरी पट लागतात. एकाच वायरीवर सगळी टांगली आणि बारीक शिट्टी ऐकू आली, तर डिजिटल पेडल वेगळ्या ॲडॉप्टरवर घे. जर्मेनियमचा जुन्या धाटणीचा फझ त्या सामाईक वायरीवर लावूच नकोस, त्याची धन-ऋण रचना अनेकदा उलटी असते. त्याला बॅटरी दे आणि वाजवून झालं की इनपुटमधली वायर काढून ठेव. ती आत राहिली तर बॅटरी उतरत राहते.

पुढे कधी पैसे साठले आणि चांगला फझ घ्यावासा वाटला तर परदेशी नावांपाशी अडू नकोस. मुंबईत ॲनिमल फॅक्टरी ॲम्प्लिफिकेशन फझ आणि डिस्टॉर्शनची पेडलं बनवते, तीही वाजवून बघ. आणि मुंबईत वाढलेल्या वॉरन मेंडोन्सानं ‘ब्लॅकस्ट्रॅटब्लूज’ या नावानं केलेले अल्बम हेडफोन लावून ऐक. त्यात बहुतेक ठिकाणी गाणारं कुणी नाही, गिटारच गाते. कुठला सूर कोरडा आहे आणि कुठल्याच्या मागे शेपटी आहे, ते शोधत ऐकलंस तर कान तयार होईल.

स्वतःच्या रांगेची परीक्षा घेताना एकावेळी दोनच पेडलांची अदलाबदल कर. तोच तुकडा, त्याच जोरानं वाजव आणि फोनवर रेकॉर्ड कर. दोन्ही वेळा आवाजाची पातळी सारखी ठेव. आपल्या कानाला मोठा आवाज नेहमी चांगलाच वाटतो आणि तिथेच फसायला होतं. रिव्हर्बचा निर्णय घरी घेऊ नकोस. धायरीतल्या तुझ्या खोलीत गादी, पडदे, कपड्यांचं कपाट आहे, तिथे जेवढा रिव्हर्ब गोड लागतो तेवढाच हॉलमध्ये लावलास तर शब्द आणि सूर दोन्ही बुडतील. तिथे निम्म्यावर आण.

मनाजोगता क्रम सापडला की बोर्डचा फोटो काढ, नॉबच्या जागा चिकटपट्टीवर पेन्सिलनं लिहून ठेव, आणि कार्यक्रम होईपर्यंत त्याला हात लावू नकोस. उरलेला वेळ बोटांना दे. पेडल आधी येणाऱ्या आवाजावरच काम करतं, आणि रांगेत सगळ्यात आधी तुझा हातच आहे. तो हात चांगला आहे, हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही; मी ऐकलंय. कुठे अडलं तर फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल.