गार पाण्याची आंघोळ आणि लडाखची थंडी

डिसेंबर लागला की चादर ट्रेकला निघालेले तरुण दवाखान्यात येतात. प्रश्न ठरलेला : ‘‘डॉक्टर, महिनाभर गार पाण्याने आंघोळ केली तर लडाखच्या थंडीची सवय होईल ना?’’

थोडीफार होईल. पहिल्या तांब्याला श्वास अडकतो तो अडकणार नाही, हुडहुडीही कमी भरेल. पण मेख तिथेच आहे. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी थरथरून तयार केलेली ऊब. ती कमी झाली म्हणजे शरीर गरम राहिलं असं नव्हे, थंडी जाणवेनाशी झाली एवढंच. उन्हाळा आपण आठ-पंधरा दिवसांत अंगवळणी पाडतो; थंडीचं तसं नाही.

चादर ट्रेक जातो त्या झांस्कर नदीच्या बर्फावर रात्री पारा शून्याखाली २० अंशांच्याही खाली जातो. तिथे शरीर आधी मेंदू-हृदय ३७ अंशांजवळ ठेवायला धडपडतं. त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात, रक्त आत वळतं, आणि बोटं, कान, नाकाचा शेंडा अक्षरशः वाऱ्यावर सोडले जातात. आत रक्त वाढल्यामुळे मूत्रपिंडं जास्त पाणी बाहेर टाकतात. तहान मात्र लागत नाही. रात्री तंबूबाहेर जायचा कंटाळा म्हणून पाणी तोडू नका.

बोटांना शरीर अगदीच विसरत नाही. अधूनमधून वाहिन्या उघडून त्यांना रक्त पाठवतं. संशोधक थॉमस लुईस यांनी हे १९३० मध्ये नोंदवलं. उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांत आणि गार पाण्यात राबणाऱ्या कोळ्यांत ही क्रिया जास्त जोरकस दिसते. पण ती कमाई वर्षानुवर्षांची, महिनाभराच्या बादल्यांची नव्हे. लेहला आधी दोन-तीन दिवस थांबवतात, तेही विरळ हवेसाठी.

म्हणून भरवसा कपड्यांवर ठेवा. अंगालगत सुती बनियन नको, घामाने भिजलं की तेच गारठवतं, लोकर घाला. ‘आतून गरम करायला’ दारू तर नकोच : वाहिन्या सैलावतात आणि आतली ऊब बाहेर जाते. बोट पांढरं, बधिर झालं तर बर्फाने चोळू नका, शेकोटीवर धरू नका (भाजलेलं कळणारही नाही). काखेत धरा आणि मदत मागा.

सोबत्याची हुडहुडी थांबली, जीभ अडखळू लागली, पाय लटपटू लागले, तर चालणं तिथेच थांबवा. ओले कपडे बदला, स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळा, डॉक्टरांकडे हलवायची सोय करा. आणि तो ‘‘आता गरम होतंय’’ म्हणत जॅकेट काढू लागला, तर त्याचं मुळीच ऐकू नका.