मालवाहू वाहनाच्या ओबीडी सॉकेटला वीज न मिळाल्यास

शेतमाल बाजारपेठेत वेळेवर पोहोचविण्यासाठी अनेक शेतकरी हल्ली स्वतःचे पिकअप वाहन बाळगतात. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हे मानक लागू झाले. ह्या मानकाच्या वाहनांत इंजिनाचे नियंत्रण संगणकाकडे असते व इंजिनात दोष उद्भवल्यास चालकासमोरील पिवळा दिवा लागतो. दोष कोणता हे जाणण्यासाठी स्टिअरिंगच्या खालील बाजूस असलेल्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर जोडावा लागतो.

पुष्कळदा स्कॅनर जोडूनही त्याचा पडदा उजळत नाही. मग संगणकच निकामी झाला असे समजून तो बदलण्याची घाई होते. टोमॅटो भरलेली गाडी खोळंबते आणि खर्चही अनाठायी पडतो. वास्तविक स्कॅनरला वीज संगणकाकडून मिळत नाही. ती बॅटरीकडून फ्यूजमार्गे सॉकेटमध्ये येते. म्हणून प्रथम फ्यूज तपासणे हेच शहाणपणाचे होय.

सॉकेटची रचना

सॉकेटला सोळा छिद्रे असतात. रुंद बाजू वर ठेवून समोरून पाहिल्यास वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ व खालच्या ओळीत ९ ते १६ असे क्रमांक येतात. १६ व्या छिद्रात बॅटरीची धन बाजू येते. ४ थे व ५ वे छिद्र अर्थचे असते.

तपासणीचा क्रम

(१) तोच स्कॅनर दुसऱ्या वाहनास जोडून पाहावा. तेथेही तो बंदच राहिल्यास दोष स्कॅनरचा समजावा.

(२) मोबाइल चार्ज करण्याचे सॉकेट चालते काय ते पाहावे. अनेक वाहनांत दोहोंचा फ्यूज एकच असतो. सदोष चार्जरमुळे किंवा आत पडलेल्या नाण्यामुळे तो उडतो.

(३) फ्यूजपेटीच्या झाकणावरील नकाशा किंवा वाहनाची पुस्तिका पाहून योग्य फ्यूज काढावा. आतील पट्टी तुटली असल्यास तितक्याच अँपिअरचा नवा बसवावा. १० अँपिअरचा फ्यूज तांबडा, १५ चा निळा व २० चा पिवळा असतो.

(४) फ्यूज शाबूत असल्यास मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवावा. काळी तार चासीच्या स्वच्छ धातूस व तांबडी १६ व्या छिद्रास लावावी. सुमारे १२ व्होल्ट न दिसल्यास फ्यूज ते सॉकेट ह्यांमधील तार तुटली, उंदरांनी कुरतडली किंवा सॉकेटमधील पिन मागे सरकली असावी.

(५) १२ व्होल्ट दिसल्यास तांबडी तार तेथेच ठेवून काळी तार क्रमाने ४ व ५ ह्यांस लावावी. आता व्होल्ट न दिसल्यास अर्थची जोडणी सैल किंवा गंजलेली आहे असे समजावे.

दक्षता

मीटरची जाड टोके छिद्रांत जोराने खुपसू नयेत. आतील पकड सैल होते. नवा फ्यूजही लगेच उडाल्यास कोठेतरी शॉर्ट आहे हे निश्चित. अशा वेळी अधिक अँपिअरचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा कदापि घालू नये. तार तापून वाहनास आग लागण्याचा धोका असतो. तारांच्या दुरुस्तीपूर्वी बॅटरीची ऋण जोडणी सोडवावी.

इतके करूनही, म्हणजे वीज व अर्थ दोन्ही ठीक असून स्कॅनर उजळतो पण संगणकाशी संपर्क होत नाही, असे आढळल्यास मात्र जाणकार कारागिराकडे जावे. काही रुपयांचा फ्यूज तपासल्यावाचून संगणक बदलण्यास संमती देऊ नये.