हंगामाचे सण आणि विश्वासी मनुष्य

विश्वासी मनुष्याने हंगामाचा सण पाळावा की नाही, असा प्रश्न पुष्कळदा निघतो. कारण पीक हाती आले म्हणजे उत्सव करण्याची चाल मूर्तिपूजक लोकांत फार प्राचीन आहे. कनानी लोक पावसासाठी व पिकासाठी बआल दैवतास भजत. त्याच भूमीत इस्राएल लोकांनीही कापणीचे सण पाळले. परंतु प्रथमफळ परमेश्वरास अर्पिण्याची त्यांस आज्ञा होती. धान्य, द्राक्षारस व तेल देणाऱ्यास विसरून त्यांनी ते बआलाकडे लाविले, तेव्हा होशेय संदेष्ट्याने दोष दिला तो या विसरण्यास. कापणीच्या आनंदास नव्हे.

पुढेही असेच घडले. इंग्लंडात कॉर्नवॉलमधील मॉर्वेनस्टो येथील पाळक हॉकर यांनी १८४३ साली चर्चमध्ये हंगामाची उपकारस्तुती केली, आणि ती चाल सर्वत्र पसरली. गोमंतकात हिंदू लोक नव्याचा सण करितात, तसेच ख्रिस्ती लोकही भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागतात.

तथापि मर्यादा आहेच. मूर्तीच्या मेजाचे भागीदार होऊ नये, असे पौलाने करिंथकरांस बजाविले. म्हणून पूजेत भाग न घेता शेजाऱ्याच्या आनंदात आनंद मानावा.

विद्यार्थ्यांनो, आणखी एक कसोटी ध्यानात ठेवा. लेवीय पुस्तकाच्या २३व्या अध्यायात सप्ताहांच्या सणाच्या नियमांस लागूनच, शेताच्या कडा गरिबांसाठी व परक्यांसाठी राखण्याची आज्ञा आहे. ती मोडून केलेला सण, त्याचे मूळ कितीही शुद्ध असले तरी, देवास मान्य कसा व्हावा?