छोटा व्यवसाय आणि स्वयंचलन : सुरुवात कशी करावी?

अंगुत्तर निकायातील दीघजाणु सुत्त धम्मबांधवांना परिचित आहे. दीघजाणु हा कोलिय कुळातील एक गृहस्थ. मुलाबाळांत राहून प्रपंच करणाऱ्या आमच्यासारख्यांच्या हिताचा मार्ग सांगावा, अशी विनंती त्याने तथागतांना केली. तेव्हा तथागतांनी इहलोकी सुख देणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या. उट्ठानसंपदा म्हणजे उद्योगातील तत्परता व कौशल्य. आरक्खसंपदा म्हणजे कष्टाने मिळविलेल्याचे रक्षण. कल्याणमित्तता म्हणजे चांगल्यांची संगत. आणि समजीविता म्हणजे आय-व्ययाचा तोल राखून जगणे. यांपैकी पहिल्या संपदेचे स्पष्टीकरण महत्त्वाचे आहे. शेती असो, व्यापार असो वा राजसेवा असो, नुसते राबणे पुरेसे नाही. ते काम कोणत्या उपायाने चांगले होईल याचा शोध घेणारी बुद्धीही हवी, असे तेथे सांगितले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय हाच उपायाचा शोध आहे. आपल्या समाजातील अनेक तरुण आज शिलाई, छपाई, किराणा, मोबाईल दुरुस्ती, चादर-टॉवेलची विक्री असे छोटे व्यवसाय करीत आहेत. त्यांचा दिवस मालापेक्षा कागदातच अधिक जातो. तीच बिले, तीच बेरीज, उधारीची तीच आठवण रोज नव्याने करावी लागते. असे पुन्हा पुन्हा येणारे, ठराविक नियमाने होणारे काम यंत्राकडे सोपविणे म्हणजे स्वयंचलन. त्यासाठी मोठा कारखाना किंवा मोठे भांडवल लागत नाही. साधा संगणक, किंवा खिशातला मोबाईलही सुरुवातीला पुरतो.

यंत्राविषयी बाबासाहेबांचा विचार

यंत्र म्हटले की पोटावर पाय येईल ही भीती मनात येते. ती निराधार नाही. म्हणून प्रथम या प्रश्नाचा विचार केला पाहिजे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधीजी यांच्यावरील ग्रंथात यंत्राचा प्रश्न सविस्तर घेतला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. माणूस केवळ पोटासाठी दिवसभर राबत राहिला तर त्याचे जीवन पशूहून वेगळे राहत नाही. मनाचा विकास व्हायचा तर माणसाला फुरसत हवी, आणि फुरसत हवी तर कष्ट कमी करणारे यंत्र हवे. यंत्रामुळे काही दुष्परिणाम होत असतील तर तो दोष यंत्राचा नसून, त्याचा लाभ मूठभरांच्या हाती जाऊ देणाऱ्या समाजरचनेचा आहे. हा विचार त्यांनी केवळ ग्रंथात ठेवला नाही. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

गिरणगावातील एक जुनी गोष्टही आपल्या विद्यार्थ्यांना माहीत असावी. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्याची मजुरी चांगली होती, पण त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. कारण काय? धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्हाला कसा चालेल, असा इतर कामगारांचा आक्षेप होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा अन्याय कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. वस्तुतः तोंड न लावता सूत ओवून घेणारा धोटा असलेले स्वयंचलित माग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच अमेरिकेत निघाले होते. म्हणजे दिवसातून असंख्य वेळा करावी लागणारी ती कृती यंत्र करू शकत होते. पण त्या खात्याचे दार कोणासाठी उघडायचे, हा निर्णय यंत्राचा नव्हता, माणसांचा होता. स्वयंचलनाचा विचार करताना हा भेद सतत ध्यानात ठेवावा.

आपल्या दारातील उदाहरण

सोलापूरकराला स्वयंचलन ही परदेशी नवलाई वाटण्याचे कारण नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. चादरीवरची नक्षी ज्या जकार्डवर उमटते, ते जकार्ड हे स्वयंचलनाचे एक जुने उदाहरण होय. फ्रान्समधील जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. त्यापूर्वी नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलायला विणकराजवळ दोऱ्या ओढणारा मदतनीस लागत असे. जकार्डने भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची साखळी बसविली. भोक असेल तेथे धागा वर उचलला जातो, नसेल तेथे खाली राहतो. नक्षीचा विचार एकदाच करायचा, तो पुठ्ठ्यावर उतरवायचा, आणि मग ती नक्षी हवी तितक्या वेळा काढायची. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात हीच पुठ्ठ्यांची कल्पना घेतली, आणि अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांच्या यंत्रांनी भोके पाडलेल्या पत्रकांवरूनच मोजणी केली. संगणकाचे एक मूळ असे मागावर आहे.

दुसरे उदाहरण बँकेचे. १९८३ साली बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाबाबत करार झाला आणि पुढील वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला. त्यानंतर टप्प्याटप्प्याने खतावण्या संगणकावर गेल्या. यात सामान्य ठेवीदाराचा काय फायदा झाला? पूर्वी बचत खात्याचे व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरच्या दिवसापर्यंतच्या किमान शिलकेवर मिळत असे. समजा, खात्यात महिनाभर २०,००० रुपये होते आणि २८ तारखेला दवाखान्यासाठी १८,००० काढले, तर त्या महिन्याचे व्याज फक्त २,००० रुपयांवर. हाताने रोजच्या शिलकेचे व्याज काढणे अवघड होते, म्हणून नियमच तसा होता. संगणक सर्वत्र पोहोचल्यावर रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज लागू केले. येथे यंत्राने वाचविलेल्या श्रमाचा लाभ लहान ठेवीदाराच्या पासबुकात उतरला. असा लाभ कोणाच्या पदरात पडतो ते पाहावे, मग स्वयंचलन चांगले की वाईट हे ठरवावे.

प्रत्यक्ष सुरुवात

आता कृतीकडे वळू. सोलापुरात शालेय गणवेश शिवणारे अनेक छोटे व्यवसाय आहेत. असाच एक व्यवसाय कल्पून पाहू. आठ कारागीर, नगावर मजुरी, आणि हिशेब लिहायला एक मुलगी.

पहिली पायरी : काम लिहून काढणे. एक आठवडा वही जवळ ठेवावी. कोणते काम केले, किती वेळा केले, किती वेळ लागला, एवढेच लिहावे. यंत्र विकत घेण्याची घाई करू नये. आपण दिवसभर काय करतो हे आपल्यालाच नीट ठाऊक नसते. आपल्या कृतीकडे सावधपणे पाहणे ही सम्यक स्मृतीच आहे, आणि तिचा व्यवहारातही उपयोग होतो.

दुसरी पायरी : निवड करणे. प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारावेत. ते वारंवार येते काय? त्याचा नियम शब्दांत सांगता येतो काय? त्यात चूक झाली तर ती लगेच कळते काय? तिन्ही उत्तरे होय असतील तर ते काम प्रथम घ्यावे. आपल्या उदाहरणात मजुरीचा हिशेब असा आहे. आठ कारागीर, सहा दिवस, आणि शर्ट, पँट, स्कर्ट असे तीन प्रकार. म्हणजे आठवड्याला १४४ नोंदी, तितकेच गुणाकार आणि वर बेरजा. शनिवारी दोन तास जातात असे धरले तर वर्षाच्या ५० आठवड्यांत १०० तास झाले. एक्सेलसारख्या तक्त्यात हे मांडायला सहा तास आणि शिकवायला चार तास लागले, तरी दहा तासांच्या बदल्यात दर वर्षी बराच वेळ वाचतो. रोजचे आकडे भरणे मात्र राहतेच, हे विसरू नये. उलट, वर्षातून एकदाच येणाऱ्या दोन तासांच्या कामासाठी दहा तास घालविणे हा समजीवितेचा भंग होय.

तिसरी पायरी : आधी कागद सरळ करणे. एकाच शाळेचे नाव वहीत तीन प्रकारे लिहिलेले असेल तर संगणक त्या तीन शाळा समजेल. म्हणून शाळा, कारागीर आणि मालाचे प्रकार यांची एकेक पक्की यादी करावी, प्रत्येकाला क्रमांक द्यावा. दर एकाच ठिकाणी लिहावेत आणि हिशेबात तेथूनच यावेत. म्हणजे शर्टाची शिलाई वाढली तर एकच आकडा बदलावा लागतो. गोंधळाचे स्वयंचलन केले तर गोंधळच वेगाने होतो.

चौथी पायरी : लहान साधन घेणे. मजुरीसाठी तक्ता पुरे. शाळांना एकाच मजकुराची पत्रे पाठवायची तर वर्डमधील मेल मर्जने नाव व रक्कम आपोआप भरली जाते. मापे आणि मागणी गुगल फॉर्मवर घेतली तर ती थेट तक्त्यात उतरते. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये नेहमीची उत्तरे तयार ठेवता येतात. घरभाडे, कर्जाचा हप्ता अशा ठराविक देण्यांसाठी बँकेला स्थायी सूचना देता येते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आल्यावर ज्यांना विवरणपत्रे भरावी लागतात, त्यांनी बिलेच टॅलीसारख्या प्रणालीत केली तर महिनाअखेरची धावपळ कमी होते. पण हे सर्व एकदम करू नये. एक काम बसले की मगच दुसरे घ्यावे.

पाचवी पायरी : पडताळा. पहिला एक महिना वही आणि तक्ता दोन्ही चालवावेत. प्रत्येक शनिवारी दोन्ही बेरजा जुळवाव्यात. जुळल्या नाहीत तर कारण शोधावे. कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर स्वतः पारखून स्वीकारावे, ही धम्माची शिकवण येथे अक्षरशः लागू पडते. चार आठवडे पैशाचाही फरक आला नाही तरच वही बंद करावी.

रक्षण

आता आरक्खसंपदा. मिळविलेली संपत्ती चोर, अग्नी, पाणी यांपासून राखावी असे सुत्तात सांगितले आहे. हिशेबाची माहिती हीसुद्धा संपत्तीच आहे. म्हणून आठवड्यातून एकदा तिची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवावी. दुकानातल्या संगणकाची प्रत दुकानातच ठेवून उपयोग नाही. पासवर्ड भिंतीवर लिहू नये. ओटीपी आणि यूपीआयचा पिन कोणालाही सांगू नये. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, देण्यासाठीच लागतो, एवढे वाक्य घरातील प्रत्येकाने पाठ करावे. ग्राहकांचे फोन नंबर आपल्या कामापुरतेच वापरावेत.

वाचलेला तास कोणाचा?

सर्वात महत्त्वाचा प्रश्न अखेरीस घेतो. हिशेब लिहिणाऱ्या त्या मुलीचे काय? शंभरातले बरेच तास वाचले म्हणून तिला कमी केले तर यंत्राचा दोष नाही, पण आपला आहे. कालपर्यंत जी वही लिहीत होती तिलाच तक्ता शिकवावा. थकलेली येणी, नव्या शाळांची मागणी, कापडाच्या दरांची चौकशी ही कामे वेळ नाही म्हणून पडून राहिलेली असतात. ती तिच्याकडे द्यावीत. तक्ता कसा चालतो हे मालक आणि ती अशा दोघांनाही आले पाहिजे, आणि त्याची रीत साध्या मराठीत एका पानावर लिहिलेली असली पाहिजे. ज्ञान एकाच्याच मुठीत राहिले की त्याची मक्तेदारी होते. मक्तेदारीचे चटके आपल्या समाजाइतके कोणी सोसले आहेत?

कारागिरांचाही विचार करावा. आपल्या वाडवडिलांनी सावकाराच्या वहीवर अंगठे उठविले. वहीत काय लिहिले आहे ते त्यांना वाचता येत नव्हते. आज तक्त्यातून प्रत्येक कारागिराला नग, दर आणि रक्कम दाखविणारी चिठ्ठी सहज काढता येते. ती दर शनिवारी त्याच्या हाती द्यावी. त्याने ती मोजून पाहावी, शंका असेल तर विचारावी. हिशेब जलद झाला हा मालकाचा लाभ, आणि हिशेब उघड झाला हा कामगाराचा लाभ. दोन्ही झाले तरच ती सम्यक आजीविका.

काही कामे मात्र यंत्राकडे देऊच नयेत. एखाद्या गिऱ्हाईकाला उधारी द्यावी की नाही, ज्याच्या घरी दुःख झाले त्याला या आठवड्यात येणे मागावे की नाही, कारागिराची तक्रार कशी मिटवावी, हे नियमात बसत नाही. तेथे प्रज्ञा आणि करुणा लागते. वाचलेला वेळ अशाच कामांसाठी आहे. आणि त्यातला थोडा वाचनासाठी, मुलांच्या अभ्यासासाठी आणि विहारासाठीही आहे. बाबासाहेबांना अभिप्रेत असलेली फुरसत ती हीच.

राहिलेली गोष्ट कल्याणमित्ततेची. ती आपल्या संस्थेने मनावर घेण्यासारखी आहे. महाविद्यालयात शिकणारे आपले विद्यार्थी संगणक जाणतात, पण त्यांना व्यवसायाचा अनुभव नाही. व्यावसायिकांना व्यवहार कळतो, पण तक्ता मांडता येत नाही. रविवारी विहारात वंदनेनंतर एक तास दोघांनी एकत्र बसावे. एका व्यावसायिकाची एक वही आणि एक विद्यार्थी, एवढ्यावर सुरुवात होते. संस्थेची वर्गणी, पावत्या, १४ एप्रिलचा जमाखर्च, नागपूरला जाणाऱ्यांची यादी ही कामेही सरावासाठी उत्तम आहेत. या स्मरणिकेच्या प्रत्येक वाचकाने येत्या सोमवारपासून एक आठवडा फक्त आपले काम लिहून काढावे आणि ती वही घेऊन पुढच्या रविवारी विहारात यावे, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!