स्टिकरवर १०० ते २४०, चाचणी मात्र २३० वर

ईएमसी चाचणीला माल पाठवायचा म्हटलं की सगळ्यांचं लक्ष शिल्डिंगकडे, फेराइटकडे, पीसीबीच्या ग्राउंडकडे. टेस्ट प्लॅनमधली सप्लायची ओळ मात्र कुणीतरी घाईत भरून टाकतं : २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. पुण्याच्या निर्यातदार कारखान्यांसाठी काम करताना मी पाहिलेल्या कित्येक नापास अहवालांचं मूळ याच ओळीत निघालं.

भोसरीतल्या एका कंपनीचा चार्जर घ्या. स्टिकरवर १०० ते २४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ. इथे २३० वर कंडक्टेड एमिशन ऐटीत पास. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाने १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर तपासला, तर १५० किलोहर्ट्झच्या जरा वरच आलेख मर्यादा ओलांडून गेलेला. आधी सगळ्यांनी तिकडच्या लॅबवर संशय घेतला. लॅब बरोबर होती. वॅटेज तेवढंच असताना व्होल्टेज निम्म्यावर आलं की करंट जवळजवळ दुप्पट होतो, आणि त्या करंटच्या शिखरावर फिल्टरमधली चोक सॅच्युरेट होत होती. सॅच्युरेट झालेली चोक असून नसल्यासारखीच. मोठ्या कोअरच्या चोकने प्रश्न सुटला, पण तिला बोर्डवर जागा नव्हती. लेआउट पुन्हा करावा लागला.

म्हणून खालचं व्होल्टेजच वाईट, असंही धरून चालू नका. व्होल्टेज चढलं की स्विचिंगच्या उड्या मोठ्या होतात आणि ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक यांच्यातून अर्थकडे जाणारा कॉमन मोड गोंगाट वाढू शकतो. कुठलं टोक नडेल हे बसल्या जागी सांगता येत नाही, दोन्ही मोजावी लागतात. व्होल्टेज डिपच्या आयईसी ६१०००-४-११ मध्ये तर नियमच आहे : रेंजची रुंदी खालच्या व्होल्टेजच्या २० टक्क्यांहून जास्त असेल, तर दोन्ही टोकांना चाचणी. उत्सर्जनाच्या बाबतीत आपल्या मालाला लागू असलेलं मानक काय म्हणतं ते स्वतः वाचा. ते एकाच व्होल्टेजवर थांबलं, तरी तुम्ही थांबू नका.

हार्मोनिक्सची मोजणी कारखान्यातल्या सॉकेटवर करून कामाची नाही. आयईसी ६१०००-३-२ ला व्होल्टेज २ टक्क्यांच्या आत स्थिर लागतं, आणि सोर्समधला तिसरा हार्मोनिक ०.९ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. एमआयडीसीतल्या लाइनची वेव्ह शेजारचे ड्राइव्ह चेपून ठेवतात. त्यासाठी एसी पॉवर सोर्सच हवा.

डीसीवर चालणाऱ्या मालात वेगळीच गंमत होते. लॅबमध्ये तो स्वच्छ लिनियर सप्लायवर पास होतो, आणि खोक्यात जातो खरेदी विभागाने शोधलेला सर्वांत स्वस्त अडॅप्टर! जो अडॅप्टर विकणार, तोच त्याच्या वायरीसकट चाचणीला न्या. बॅटरी असेल तर चार्ज होत असताना आणि नुसती बॅटरीवर, अशा दोन्ही अवस्थांत मोजा. आणि मोजण्याआधी माल बंद ठेवून नुसत्या लाइनचा आलेख घ्या, म्हणजे इमारतीचा गोंगाट तुमच्या नावावर लागणार नाही.

सप्लायची ओळ रिकामी सोडली, तर लॅब आपल्या सोयीचा आकडा भरते. तारीख घेण्याआधी माल कुठल्या देशांत जाणार ते विक्री विभागाला विचारा, तिथली व्होल्टेज-फ्रिक्वेन्सी त्या ओळीत लिहा आणि अहवालातही छापून घ्या.